मागे, डावीकडे, चौऱ्याहत्तर किलो

गाडी घ्यावी तर जुनीच घ्यावी! हे माझं मत आहे आणि ते मी कुणी न विचारताही सांगतो. नवी गाडी काय, कुणीही घेतं. जुनी पारखायला नजर लागते, आणि नजरेच्या बाबतीत मी... जाऊ दे, स्वतःच्या तोंडाने किती सांगायचं! मी पार्सल ऑफिसात वजनकाट्यावर बसतो. बावीस वर्षं झाली. खोकं नुसतं दारातून आत आलं तरी मी सांगतो, साडेअकरा किलो. काट्यावर ठेवा, साडेअकराच भरतं! अशा माणसाला गाडी पारखता येणार नाही होय?

तर मी गाडी घेतली. साधीसुधी नव्हे! डोंगर चढणारी, ओढे ओलांडणारी, चारही चाकांनी जोर लावणारी दणकट गाडी. आधीच्या मालकाने ती जंगलात फिरवलेली. चाकं माझ्या कमरेपर्यंत, आत चढायला पायरी. वेगाचा काटा तेवढा बंद होता. वीसवर बसला होता, तो बसलाच होता. मी म्हटलं, हत्तीला कुणी वेग विचारतं का? आणि तिथल्या तिथे गाडीचं नाव वाघीण ठेवलं.

घरी आणली तेव्हा सगळे बाहेर आले. सगळे म्हणजे बायको आणि सासरे. सासरे आमच्याकडेच राहतात. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली आणि एकतीस वर्षांत कुणाचा आरसासुद्धा फोडला नाही. बोलतात कमी. त्यांनी वाघिणीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं, मग खिडकीतून हात घालून स्टिअरिंग हलवलं.

"जावईबापू, स्टिअरिंगला खेळ आहे."

"कसला खेळ, बाबा?"

"मी एवढं फिरवलं. चाक हललं का?"

"अहो बाबा, रानातली गाडी ही! हिला जरा ऐसपैस लागतं!"

"मागच्या डाव्या स्प्रिंगचा पाटाही बसलाय."

"बसू दे की! दमली असेल!"

बायको खुदकन हसली. शेजारचे दोघेतिघे कुंपणाशी जमले होते, तेही हसले. त्यामुळे मला आणखी चेव चढला. मी पायरीवर चढून म्हणालो, "बाबा, महिनाभर बघा! महिन्यात हिने एकदा जरी त्रास दिला, तर चावी तुमच्याकडे!"

"माझ्याकडे म्हणजे मिस्त्री मी ठरवणार," सासरे शांतपणे म्हणाले, "आणि चालवायची कुणी तेही मीच ठरवणार."

"मंजूर!"

"आणि कधी थरथरली, तर ब्रेकवर उभे राहू नका. पाय उचला नुसता. स्टिअरिंगशी कुस्ती खेळायची नाही."

मी हो हो म्हटलं. ऐकलं कुणी!

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून परत येताना बाहेरचा रस्ता मोकळा मिळाला. मी वाघिणीला सोडलं. वारा भणाणला, मी शीळ घालायला लागलो, आणि एका छोट्याशा खड्ड्यावरून चाक गेलं मात्र! स्टिअरिंग माझ्या हातात थडथडायला लागलं. मग समोरचं बॉनेट, मग दारं, मग मी! दात एकमेकांवर असे आपटत होते की शीळ तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडली. घाबरून मी सगळंच सोडून दिलं. गाडी हळू झाली आणि एकदम शांत. काही झालंच नाही असा तिचा चेहरा!

घरी गेलो. "कशी चालते?" सासऱ्यांनी विचारलं.

"लोण्यासारखी!"

"अस्सं. उद्या मीही येतो. मला तुमच्या ऑफिसच्या बाजूच्याच गल्लीत काम आहे."

दुसऱ्या दिवशी ते येऊन मागे डावीकडे बसले. बसमध्ये आयुष्यभर पुढे बसल्यामुळे आता त्यांना मागेच बसायला आवडतं म्हणे. मी देवाचं नाव घेऊन निघालो. तोच रस्ता, तोच खड्डा, आणि गाडी हललीसुद्धा नाही! वाटेत सासरे तेवढे तीनचारदा खाकरले. मी म्हटलं, धूळ असेल. एक सायकलवाला आमच्या पुढे निघून गेला आणि वळून त्याने हातही केला. लोक किती चांगले असतात बघा!

संध्याकाळी एकटा परत आलो. थडथड थडथड थडथड! पुन्हा सकाळी सासऱ्यांबरोबर, एकदम गुळगुळीत. आठवडाभर हेच. एकटा असलो की भूकंप, सासरे मागे असले की पाळणा!

आता बावीस वर्षं काट्यावर बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय येणार? वजन! मागचा डावा पाटा बसलाय, त्यावर सासऱ्यांचं वजन पडलं की गाडीचा तोल साधतो. सरळ हिशोब! मिस्त्री कशाला हवा? सासरे हवेत!

त्या दिवसापासून मी त्यांना सोडलंच नाही. "बाबा, येता का भाजी आणायला?" "बाबा, मी केस कापायला चाललोय, चला की!" आणि गंमत म्हणजे तेही एकदाही नाही म्हणाले नाहीत. वर्तमानपत्राची घडी घालायचे, चपला चढवायचे, मागे डावीकडे जाऊन बसायचे आणि खाकरायचे. बायको तर भारावूनच गेली. "अहो, बाबांचं इतकं करता तुम्ही! माझ्या लक्षातच आलं नव्हतं तुमचं मन." मी मान खाली घातली. तिला वाटलं विनयाने.

पण रोज सासरे कुठून आणायचे? मग मी ठरवलं, त्यांचं नेमकं वजन काढायचं आणि तेवढंच ओझं मागे ठेवून द्यायचं. एकदा त्यांना ऑफिसात नेलं.

"बाबा, काटा तपासायचाय. जरा उभे राहता?"

"पार्सलच्या काट्यावर?"

"दोन मिनिटं!"

राहिले उभे. चौऱ्याहत्तर किलो तीनशे ग्रॅम. नंतर लक्षात आलं, बूट घातले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी चपलांवर केलं, त्र्याहत्तर चारशे. तिसऱ्या दिवशी न्याहारीआधी, बहात्तर नऊशे. काम म्हणजे काम! आमचं यंत्र दर वेळी चिठ्ठी छापतं. मी तिन्ही चिठ्ठ्यांवर 'बाबा' लिहिलं, तारखा टाकल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवल्या.

तो शर्ट धुवायला गेला.

संध्याकाळी घरात शिरलो तर बायको चिठ्ठ्या मांडून बसलेली. डोळे लाल. शेजारी मेव्हणी. मेव्हणी दवाखान्यात नर्स आहे आणि आवाज हेडमास्तरणीचा आहे.

"भावोजी, हे कधीपासून चालू आहे?"

"काय?"

"बाबांचं वजन! तीन दिवसांत जवळजवळ दीड किलो घटलंय! तुम्हाला कळलं, तुम्ही गुपचूप लक्ष ठेवत होतात, आणि आम्हाला सांगितलं नाहीत?"

"आम्हाला त्रास नको म्हणून!" बायको हुंदका देत म्हणाली. "म्हणून सगळीकडे बरोबर नेत होते गं!"

"आणखी काही लक्षण?" मेव्हणीने पेन काढलं.

मी गोंधळून म्हणालो, "तसं काही नाही. जरा खाकरतात. गाडीत."

"खोकला!!" दोघी एकदम ओरडल्या.

आता खरं सांगायची हीच वेळ होती. पण महिना संपायला दोनच दिवस उरले होते! खरं सांगितलं की गाडीचं बिंग फुटणार, चावी जाणार, शेजारी कुंपणाशी जमणार. मी गप्प बसलो. इथेच मी माती खाल्ली. धडधाकट माणूस माझ्यामुळे दवाखान्यात चालला होता आणि मी चावी कुरवाळत होतो. सासऱ्यांनाही मी आडून विचारलं, "जाल ना बाबा?" त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मुलींचं समाधान होत असेल तर जातो. पण मी नसताना गाडी काढू नका."

महिन्याचा शेवटचा दिवस. मेव्हणी सकाळीच त्यांना रिक्षाने घेऊन गेली. आम्ही दुपारी त्यांना आणायला जायचं होतं. मी ऑफिसातून काट्यावर मोजून बहात्तर किलो नऊशे केलेली वाळूची दोन पोती आणली, मागे डावीकडे ठेवली आणि वर पट्टा लावला.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"ऑफिसची वाळू. वाटेत द्यायचीय."

"वाळूला पट्टा कशाला?"

"नियम आहे!"

बायको पुढे बसली. घोर लागलेला तिला. "लवकर चला हो," म्हणाली. लवकर तर लवकर! मागे वजन ग्रॅमपर्यंत बरोबर होतं, मला कसली भीती? बाहेरच्या रस्त्याला लागलो आणि वाघिणीला सोडलं. खड्डा आला.

काय सांगू! आजवरची सगळी रंगीत तालीम होती. स्टिअरिंग नुसतं थरथरत नव्हतं, ते माझे हात धरून मलाच हलवायला लागलं! आरसा निखळला. टपातला दिवा लोंबकळला. मागून धप्प धप्प पोती उडायला लागली. मी जिवाच्या आकांताने स्टिअरिंग आवळलं आणि ब्रेकवर चक्क उभा राहिलो. गाडी आडवी तिडवी पळायला लागली!

"अहो पाय काढा!" बायको ओरडली. "ब्रेकवरून पाय काढा! बाबांनी काय सांगितलं होतं! कुस्ती खेळू नका!"

ड्रायव्हरची मुलगी ती! मी पाय उचलला, हात सैल सोडले. थडथड कमी झाली, पण तोवर रस्ता एकीकडे राहिला होता आणि आम्ही दुसरीकडे. वाघीण ज्या कामासाठी जन्मली ते तिने पहिल्यांदा करून दाखवलं. खंदक ओलांडला, उंचवटा चढली, एका रोपवाटिकेच्या कुंपणातून आत गेली आणि शेणखताच्या मोठ्या ढिगात नाक खुपसून थांबली.

"लागलं का गं तुला?"

"नाही. तुम्हाला?"

"नाही."

मग तिने मागे वळून बघितलं. एक पोतं फुटलं होतं आणि त्याला मी सवयीने डकवलेली काट्याची चिठ्ठी उडून तिच्या मांडीवर पडली होती.

"'नग दोन, बहात्तर किलो नऊशे, बाबांऐवजी.'" तिने सावकाश वाचलं. "बाबांऐवजी??"

सांगितलं. काय करता! सगळं सांगितलं. शेणखतात बसून माणूस फार काळ खोटं बोलू शकत नाही. तिने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "म्हणजे बाबा बरे आहेत?"

"ठणठणीत!"

आणि ती रडायला लागली, मग हसायला लागली, मग तिने मला पर्सने मारलं. मला बरं वाटलं.

रोपवाटिकेच्या माळ्याची पाय धरून माफी मागितली, कुंपण बांधून द्यायचं कबूल केलं आणि त्याच्याच टेंपोत बसून दवाखान्यात पोचलो. सासरे बाकावर बसले होते, मांडीवर एक्सरेचं पाकीट. मेव्हणी म्हणाली, "छाती अगदी स्वच्छ! डॉक्टर म्हणतात, तिशीतल्या माणसाची आहे! मग वजन का... भावोजी, तुमच्या अंगाला कसला वास येतोय?"

सासरे ताडकन उठले. आधी लेकीकडे गेले, तिचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मग माझ्याकडे वळले.

"पाय उचलला का?"

"हिने उचलायला लावला, बाबा."

त्यांनी हात पुढे केला. मी चावी दिली. आणि मग अपराध कबूल करून टाकला. वजन, पोती, सगळं. "पण बाबा, एक कळत नाही. वजन तर तंतोतंत तेवढंच होतं! तुम्ही बसता तेव्हा ती का हलत नाही?"

"मी बसतो तेव्हा तुम्ही तिला पळवता कुठे?" सासरे म्हणाले. "तुम्ही जरा दाबायला लागलात की मी खाकरतो. मी खाकरलो की तुमचा पाय उचलला जातो. सायकलवाला पुढे गेला तो काय उगाच?"

मी थिजलोच. "म्हणजे तो खोकला..."

"पहिल्याच दिवशी सांगितलं, तुम्ही ऐकलं नाहीत. शेजाऱ्यांसमोर जास्त काय बोलायचं? चार लोकांत जावयाचा अपमान का करायचा? म्हटलं, महिनाभर बरोबर जाऊ. निदान माझ्यासमोर तरी हळू चालवाल. संध्याकाळचीच तेवढी काळजी असायची."

मला इतकी लाज वाटली की काट्यावर ठेवलं असतं तर वजन शून्य भरलं असतं. मी त्यांना ओझं म्हणून नेत होतो आणि तो माणूस माझा जीव सांभाळायला येत होता! मी वाकून नमस्कार केला. ते दोन पावलं मागे सरकले. शेणखत, दुसरं काय!

मिस्त्री सासऱ्यांनी ठरवला. त्याने गाडी वर उचलली, पुढचं चाक एका बोटाने हलवून दाखवलं आणि विचारलं, "ही चालवत कोण होतं?" सासरे म्हणाले, "आता नाही चालवत." स्टिअरिंगचे सांधे बदलले, मागचा पाटा बदलला, वेगाचा काटासुद्धा सुरू झाला.

आता दर रविवारी आम्ही फिरायला जातो. सासरे चालवतात, बायको पुढे, मी मागे डावीकडे. खरं सांगतो, मजा येते! परवा बाहेरचा मोकळा रस्ता लागला. सासऱ्यांनी गाडी सोडली. काटा सत्तरवर गेला, पंच्याहत्तरवर गेला, सासरे चक्क शीळ घालायला लागले! मी घाबरून खाकरलो.

आरशातून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जावईबापू, खोकला? वजन करून घ्या एकदा."

सोमवारी कुणी नसताना काट्यावर उभा राहिलो. आकडा विचारू नका. पण गाडी तपासून मिस्त्रीने फोन केला होता, नवा पाटाही डावीकडे बसतोय म्हणे!