टोपीतली तोंडं

आमच्या मिरजगावच्या तात्या पेंटरकडे एक जाड वही आहे. तिच्यात कॉमिक्स काढणाऱ्या चित्रकारांनी स्वतःच्या हातानं काढलेले स्वतःचे चेहरे आहेत. आणि एक सोडून झाडून सगळ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी आहे.

याच्या मुळाशी तात्यांचा एक गैरसमज आहे. काही वर्षांपूर्वी ते ब्रश आणायला पुण्याला गेले आणि गर्दी दिसली म्हणून कॉमिक्सच्या संमेलनात शिरले. बघतात तर चित्रकार टेबलं मांडून बसलेले आणि सत्काराचं नाव नाही. आमच्याकडे ग्रामसेवक बदलून आला तरी त्याला टॉवेल-टोपी मिळते. "पाव्हनं बोलावलं आन नुसतंच बसवलं? ही काय रीत झाली?" असं पुटपुटत तात्या बाहेर पडले, टोप्या आणि नारळ घेऊन आले, आणि एकेकाला टोपी घालत सुटले. पहिल्याच चित्रकारानं गांगरून विचारलं, "तुम्हाला काय काढून देऊ?"

"तुमालाच काढा," तात्या म्हणाले. त्यानं टोपीसकट काढलं.

तेव्हापासून दरवर्षी तात्या जातात आणि नारळाचं पोतं उचलायला मला नेतात. माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून मी त्यांचा 'डाक्टर'. कुणी उडणारा वीर काढून देऊ लागला की तात्या वही मागं ओढतात. "उडनारा नको. तुमी हाय तसं काढा. सोताचं सोतानं." निळ्या केसांच्या एका चित्रकार मुलीपुढे त्यांनी रीतीप्रमाणं खण धरला, तर ती म्हणाली, "काका, मला पण टोपीच द्या." दिली.

वहीचं पहिलं पान मात्र कोरं. विचारलं की म्हणायचे, "ते म्होरं बघू."

यंदा एक म्हातारे चित्रकार संमेलनाला येणार होते, शेवटचंच. त्यांची कॉमिक्स गिरवून तात्या चित्रं शिकले. पण त्या गृहस्थांनी जन्मात स्वतःचा चेहरा काढलेला नव्हता. तात्यांनी टोपीला दोनदा इस्त्री केली. एस.टी.त ती मांडीवर धरून बसले, मला हात लावू दिला नाही.

म्हाताऱ्यांनी टोपी घालून घेतली, नारळ घेतला, आणि वही परत केली. "माझा चेहरा मला जमत नाही."

"मंग वही अर्धीच ऱ्हाती," तात्या म्हणाले. ते जागचे हलेनात. मागं रांग वाढत होती.

म्हाताऱ्यांनी वही पुन्हा ओढली, चाळली आणि पहिल्या पानावर थांबले. "बोटांना रंग दिसतोय. तुम्हीही चित्रकार ना? मग तुम्ही कुठंयत यात?"

ज्यांनी अर्ध्या तालुक्यातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, ते तात्या त्या कोऱ्या पानाकडे बघू लागले. "आधी तुम्ही, मग मी," म्हातारे म्हणाले.

तात्यांनी पेन्सिल घेतली. शिडी काढली, भिंत काढली, शिडीवर माणूस काढला. पाठमोरा.

"चेहरा?"

"लोकांनी पाठच बगितली हाय, सायेब. फ्लेक्स आल्यापास्नं तीबी न्हाई."

मला फार वाईट वाटलं. माझ्या दुकानाची पाटी त्यांचीच, आणि मी ती उतरवून फ्लेक्स लावला होता.

म्हाताऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली, उठून तात्यांना घातली आणि म्हणाले, "आता फिरा इकडं." रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी शेजारी पुन्हा काढलं. या वेळी समोरून, टोपीसकट, सगळ्या सुरकुत्यांसह. मग शेवटच्या पानावर म्हाताऱ्यांनी स्वतःला काढलं. वहीतलं एकमेव बोडकं डोकं.

परतीच्या एस.टी.त तात्यांनी कंडक्टरपुढे वही उघडली. मला वाटलं, शेवटचं पान दाखवणार. त्यांनी पहिलं काढलं.

"कोन हाय हे?" कंडक्टरनं विचारलं.

"पेंटर हाय," तात्या म्हणाले. "मिरजगावचा. लई भारी मानूस."

दुसऱ्या दिवशी मी फ्लेक्स उतरवला आणि माळ्यावरच्या जुन्या पाटीची धूळ झटकून ती पुन्हा लावली. तात्या टोपी घालून बघायला आले.