चोवीस नंबरची चवळी

भुंगेरा नर आहे की मादी, हे मी नुसत्या नजरेनं सांगतो. भिंगबिंग लागतं ते नवशिक्यांना! मादी काळपट, पाठीमागे दोन गडद पट्टे. नर जरा फिका आणि उगाच इकडेतिकडे पळणारा. संपलं! निदान गेल्या जानेवारीपर्यंत तरी मी हे छाती पुढे काढून सांगत असे.

माझं नाव बराऊ. झारिया शहराच्या बाहेर आमचं चवळीचं संशोधन केंद्र आहे, तिथे मी एकोणीस वर्षं नोकरीला आहे. सगळं जग चवळीतले भुंगेरे निवडून फेकतं. मला पगार मिळतो तो चांगल्या चवळीत भुंगेरे सोडण्याचा! हसू नका. बरणीत पन्नास दाणे घ्यायचे, पाच नर नि पाच माद्या सोडायच्या, तोंडाला मलमल बांधायची आणि पस्तीस दिवस वाट बघायची. ज्या वाणाचं पीठ होतं तो वाण बाद. जो टिकतो तो शेतकऱ्याच्या घरी जायच्या लायकीचा. अशा वाणाची वाट बघत डॉक्टर तलातूंचे केस पांढरे झाले. त्या आमच्या विभागाच्या मुख्य. बोलतात कमी, पण चष्म्यावरून बघतात तेव्हा आपण स्वतःच बरणीत असल्यासारखं वाटतं.

त्या खेपेला चोवीस वाण होते. प्रत्येकाच्या तीन बरण्या. तेवीस वाण मी अगदी शिस्तीत, भिंग लावून भरले. (लावतो कधीकधी. डोळ्यांना विश्रांती म्हणून.) चोविसाव्याला शुक्रवार आडवा आला. नमाजाची वेळ होत आलेली, बाहेर धुळीचा वारा इतका की सूर्य म्हणजे पाण्यात टाकलेला शिळा वडा, त्यात वीज गेली. भांड्यात अजून बरेच भुंगेरे वळवळत होते. म्हटलं, आता भिंग कशाला! काळपट दिसले ते माद्या, फिके दिसले ते नर. फटाफट तीन बरण्या भरल्या, मलमल बांधली आणि मशीद गाठली.

पस्तीस दिवसांनी मोजणी केली. एक नंबर, पीठ. दोन नंबर, पीठ. सात नंबरच्या बरणीतून तर भुंगेऱ्यांची लग्नाची वरात निघावी तशी रांग निघाली. आणि चोवीस नंबर?

एकही दाणा फुटलेला नाही! तिन्ही बरण्यांत दाणे लखलखीत, आणि तळाशी दहा-दहा भुंगेरे पाय वर करून मेलेले!

डॉक्टर तलातू भाचीच्या लग्नाला कानोला गेल्या होत्या. मी फोन लावला. मागे ढोल वाजत होते.

"डॉक्टर, चोवीस नंबर! नुकसान शून्य!"

"अंडी किती?"

"शून्य! बसायलाच तयार नाहीत दाण्यावर!"

मग त्या म्हणाल्या, "बराऊ, अंडीसुद्धा नाहीत? हे काही बरं लक्षण नाही. मी बुधवारी येते. तोवर कुणाला काही सांगू नका."

मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त बायकोला सांगितलं. आणि केंद्राचे संचालकसाहेब व्हरांड्यात भेटले, "काय बराऊ, फार खुशीत?" असं विचारलं, तर वरिष्ठांशी खोटं कसं बोलणार?

बायको, लादिदी, शेंगदाणे सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घरच्या जुळ्या हसना-हुसैना चार वर्षांच्या झाल्या, तुम्हाला अजून कोण कुठली ते कळत नाही. परवा एकीलाच दोनदा आंघोळ घातलीत. आणि भुंगेऱ्यांतले नर-मादी ओळखता?"

"अगं, जुळ्यांना पट्टे नसतात!"

"बांधून देऊ का?" ती म्हणाली.

संचालकसाहेबांना मात्र एवढं पुरलं. त्यांच्या डोक्यात योजना म्हणजे गरम तेलात पडलेलं पीठ, लगेच फुगते! मंगळवारीच गिदान कुका गावात मेळावा ठरला. केंद्राच्या शेतात चोवीस नंबरची दोन पोती झाली होती, ती साठ बायकांना बियाणं म्हणून वाटायची. भाषण माझं.

"साहेब, डॉक्टर बुधवारी येतायत..."

"मग बुधवारी त्यांना आनंदाची बातमी देऊ!"

मंगळवारी मी नक्षीचा झगा घालून, उंच टोपी चढवून, बरणी पोटाशी धरून गिदान कुकाला पोचलो. गोरखचिंचेच्या झाडाखाली साठ बायका आणि त्यांच्या मागे उरलेलं गाव. मी बरणी उंच धरली.

"मायबहिणींनो! आजपासून चवळीत राख घालायची नाही! मिरची घालायची नाही! पिशव्यांना गाठी मारायच्या नाहीत! ही चवळी उघड्या मडक्यात ठेवा आणि खुशाल झोपा. भुंगेरा हिच्याजवळ येतो आणि मरतो!"

टाळ्या! संचालकसाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारी उठली. हाजिया गंबो. चाळीस वर्षं ती त्या गावच्या रस्त्यावर चवळीचे वडे तळते. तिच्या कढईतला कोसई, म्हणजे हाच वडा, खाल्ल्याशिवाय गावात सकाळ होत नाही म्हणतात.

"दाखव रे ती बरणी," ती म्हणाली. मलमल सोडून तिनं दाणे तळहातावर ओतले, उन्हाकडे वळवले, एकेक बोटानं फिरवला. "ठिपके कुठायत?"

"कसले ठिपके, हाजिया?"

"पांढरे. अंड्यांचे. चाळीस वर्षं दाणा निवडते मी, ठिपका बघूनच भाव करते."

"तेच तर सांगतोय! मादी अंडीच घालत नाही हिच्यावर!"

हाजियानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती उधारीवर वडे मागणाऱ्याकडे बघत असेल. "बाळा, भुंगेरीण काचेच्या मण्यावरसुद्धा अंडी घालते. माझ्या सुनेच्या माळेवर घातली होती, डब्यात राहिली तेव्हा. दाणा कडू असेल तर पोर आत मरेल. पण आई अंडं घालायची थांबत नाही." तिनं बरणीचा तळ बोटानं ठोकला. "ह्या दहांत बाईमाणूस होतं का एकतरी?"

बायका खुदकन हसल्या. मीही हसलो. मग माझं हसू थांबलं. त्यांचं थांबलं नाही.

मला तो शुक्रवार आठवला. भांड्यात नर मुळातच जास्त, आणि तेवीस वाणांसाठी मी त्यातल्या माद्या निवडून निवडून काढल्या होत्या. मग शेवटी भांड्यात कोण उरणार?

खिशात भिंग होतं. पांढरी ताटली मागवली, मेलेले भुंगेरे त्यावर ओतले आणि उकिडवा बसलो. झगा धुळीत लोळत होता. पहिला, नर. दुसरा, नर. तिसरा काळपट दिसला, जीव भांड्यात पडला! भिंग धरलं. मळलेला नर. दहाच्या दहा नर.

संचालकसाहेब कानाशी वाकले. "काय म्हणतात भुंगेरे?" मग दबक्या आवाजात, "बराऊ, एकदोन माद्या आहेत म्हणा. बाकी उद्या बघू."

खरं सांगतो, मी तोंड उघडलंही होतं. पण समोर साठ बायका. ह्यांनी माझं ऐकून चवळी उघड्या मडक्यात ठेवली, तर पाऊस सुरू झाल्यावर, घरातली बाजरी संपत आल्यावर, झाकण काढून बघणार काय? पीठ. आणि पेरायला दाणा नाही.

मी उठलो. "मायबहिणींनो, राख घाला! मिरचीही घाला! पिशवीला दोन गाठी मारा! माझी चूक झाली. बरणीत सगळे नर होते. चवळी टिकली, कारण तिला खाणारं जन्मालाच आलं नाही!"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "दहा बाप्ये एका घरात, पस्तीस दिवस! दुसरं काय होणार?"

"कुणी उठून जेवण तरी वाढलं असेल का!" दुसरी म्हणाली.

त्यानंतर जे हसू फुटलं ते थांबेना. संचालकसाहेब गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली. हाजिया गंबोनं मात्र डोळे पुसले, पोत्यातून चार पसे चवळी पदरात घेतली आणि म्हणाली, "किडका असो नाहीतर चांगला, वाण चवीला कसा आहे ते मी बघते. तू बस. उन्हात तुझा रंग उतरलाय."

बायकांनी आपापला वाटा उचलला, राख घालण्याच्या बोलीवर. मला सावलीत बसवून बाजरीची पेज दिली. इतकी माणुसकी दाखवतात तेव्हा माणसाला जास्तच लाज वाटते.

बुधवारी डॉक्टर तलातू आल्या. मी सगळं सांगितलं, अगदी वीज गेल्यापासून ते उरलेल्या दोन बरण्यांतही नरच निघाले इथपर्यंत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी बरणीत.

"लोकांसमोर कबूल केलंत?"

"हो."

"तिथेच?"

"हो, डॉक्टर. संचालकसाहेब काच वर करून बसलेत तेव्हापासून."

त्यांचा ओठ किंचित हलला. मग नव्या तीन बरण्या काढल्या, भिंग माझ्या हातात दिलं आणि प्रत्येक भुंगेरा स्वतः तपासून घेतला. पाच नर, पाच माद्या. पस्तीस दिवसांनी चोवीस नंबरचं इतकं बारीक पीठ झालं, की आमची गिरणी लाजेल.

ती नोंद झाली. पण जुन्या नोंदीचं काय? ती खोडायची नाही, असा डॉक्टरांचा नियम आहे. "शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहा," त्या म्हणाल्या. "जे घडलं तेच. थोडक्यात."

मी खूप विचार करून लिहिलं : 'निकाल ग्राह्य नाही. भुंगेरे तीस, सर्व नर, सर्व अविवाहित. पस्तीस दिवसांत सर्व मृत. कारण, बहुधा एकटेपणा.'

डॉक्टरांनी वाचलं, लाल पेन काढलं आणि 'कारण, बहुधा एकटेपणा' हे तीन शब्द खोडले.

'अविवाहित' मात्र ठेवलंय. मी रोज जाऊन बघतो.