टेबलावरचा इस्त्रीचा डाग

नीळकंठरावांनी टेबलाला पॉलिश करायचं ठरवलं तेव्हा घरात अडवायला कोणी नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. आशालताबाई घरात असत्या, आणि पूर्वीसारख्या असत्या, तर त्यांनी एका वाक्यात हा बेत मोडून काढला असता. पण त्या थोडे दिवस लेकीकडे, वैदेहीकडे, गोंदियाला गेल्या होत्या. आणि पूर्वीसारख्या तर त्या बऱ्याच दिवसांपासून राहिल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी त्यांच्या आजाराला एक इंग्रजी नाव सांगितलं होतं. नीळकंठरावांनी ते ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी उच्चारलं नाही. त्यांच्या लेखी बायको 'जराशी विसरते', एवढंच. कधी गॅस विसरायची, कधी लेकीचं नाव. नवऱ्याचं नाव ती आधीही कधी घेत नसल्यामुळे (जुन्या वळणाची बाई) ते तिला आठवतं की नाही, हे कळायला मात्र काही मार्ग नव्हता.

दिवेलागणीला एक गोष्ट रोज व्हायची. बाई पिशवीत दोन लुगडी भरून दारात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "चला ना आता आपल्या घरी." हेच आपलं घर, असं नीळकंठराव परोपरीनं सांगायचे. बाई भिडेखातर ऐकून घ्यायच्या, पण त्यांचे डोळे भेदरलेलेच असायचे. मग नीळकंठराव त्यांना मधल्या खोलीतल्या सागवानी टेबलापाशी बसवून चहा करायला जायचे. चहा येईपर्यंत बाई निवलेल्या असायच्या. टेबलाच्या कोपऱ्यावर इस्त्रीचा एक काळा डाग होता, त्याच्यावरून अंगठा फिरवत त्या बसलेल्या असायच्या. "आली बाप्पा घरी," असंही एखाद्या दिवशी म्हणायच्या. हा आपल्या चहाचा गुण, अशी नीळकंठरावांची ठाम समजूत होती. (तो चहा आजवर कोणाच्याही घशाखाली सुखानं उतरलेला नव्हता.)

डाग म्हणजे नीळकंठरावांचाच प्रताप. ते वनविभागात बडे बाबू असताना एकदा साहेबांचा दौरा होता. सकाळी घाईघाईनं शर्टाला इस्त्री करताना लाइट गेली. ते इस्त्री तशीच टेबलावर टेकवून आंघोळीला गेले, आणि लाइट आली. तेव्हापासून आशालताबाईंची एकच भुणभुण, टेबल घासून पॉलिश करा. नीळकंठराव "येत्या रविवारी" म्हणायचे. निवृत्तीनंतर सगळेच वार रविवार झाले, पण तो रविवार काही उगवला नाही.

आता भुणभुण बंद झाली होती आणि नुसता अंगठा फिरत होता. नीळकंठरावांनी त्याचा अर्थ असा लावला, की बिचारी सगळं विसरली पण तक्रार विसरली नाही. हे त्यांच्या मनाला फार लागलं. ती यायच्या आत डाग नाहीसा करायचा, टेबल आरशासारखं करायचं आणि तिच्या चेहऱ्यावर एकदा तरी आनंद बघायचा, असं त्यांनी ठरवलं.

सगळा जन्म सागवानाच्या कागदांवर सह्या करण्यात गेला होता, पण रेगमाल, म्हणजे लाकूड घासायचा खरखरीत कागद, आडवा घासतात की उभा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तो गोल घासला. मदतीला शेजारचे दुलीचंद आले. दुलीचंदांचा धंदा सायकलदुरुस्तीचा, त्यामुळे सल्ला सर्व विषयांवर. स्पिरिटमध्ये चपडा लाख विरघळवायची, हे त्यांनी बरोबर सांगितलं. मग म्हणाले, "बाबूजी, रंग फीका है. चुटकीभर हल्दी मार दो."

नीळकंठरावांची चिमूट म्हणजे आमटीची पळी. टेबलाला साग्रसंगीत हळद लागली. ते पिवळंपण मारायला दुलीचंदांनी गेरू सुचवला, तेव्हा टेबल मारुतीच्या पाराइतकं लाल झालं. पुन्हा सगळं खरवडलं. पुढच्या खेपेला लाख इतकी दाट झाली की वाळेचना. त्यावर झाकलेला पेपर चिकटला, आणि तो ओढताना नीळकंठरावांचं कोपरही चिकटलं. कितीतरी वेळ ते टेबलावर रेलून बसले होते. उघड्या दारातून डोकावणाऱ्यांना वाटलं, बाबूजी बायकोच्या आठवणीत बुडालेत. (ते कोपराच्या विचारात होते. पण आठवणही येत होतीच, खोटं कशाला बोला.)

शेवटी मात्र त्यांनी चिकाटी धरली. पातळ लाख, जुन्या बनियनची घडी, एकावर एक हलका हात. सागाच्या रेषा वर आल्या. डागाचा मागमूस उरला नाही. टेबलात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं आणि ते समाधानानं बाजूला झाले.

वैदेहीनं आईला आणून सोडलं. मुलांच्या परीक्षा होत्या, म्हणून ती उभ्या उभ्या टेबलाचं कौतुक करून उलट पावली परतली. आशालताबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या, पिशवी मांडीवर. त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग दुसरा कोपरा चाचपला, तिसरा चाचपला. नीळकंठराव शाबासकीची वाट पाहत समोर उभे होते. बाईंनी हात आवरून घेतला आणि पदर सावरला.

"टेबल लय सुंदर हाये तुमचं, भाऊ," त्या म्हणाल्या. "कोनं केली पॉलिश?"

"म्या केली."

"तुमच्या घरच्या बाई नशिबाच्या हायेत. आमच्या घरी बी असंच हाये, पन जळलेलं. आमच्या ह्यांले किती वर्सं सांगून राह्यली मी."

 नीळकंठरावांनी विचारलंच, "मंग राग येते का त्यांचा?"

"राग काहून येईन? त्या डागावर हात ठेवला का मले कळते, आपलं घर आलं. मंग वाटते, हे बी असतीनच इथंच कुठंतरी." आणि त्या उठल्या. "चालते मी. ते वाट पाहत असतीन. मी नसली का जेवत नाही ते."

 ज्याला नीळकंठराव इतके दिवस आपल्या चहाचा गुण समजत होते, तो त्यांनी स्वतःच्या हातांनी रेगमालानं घासून काढला होता. आता इस्त्री तापवून पुन्हा ठेवावी, असाही वेडा विचार त्यांच्या मनात आला. पण बाई दारापर्यंत पोचल्या होत्या आणि भेदरून रडू लागल्या होत्या. दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "चला, मी पोचवून देतो."

दोघं गल्लीतून निघाली. लालबर्ऱ्याची बस धुरळा उडवत गेली तेव्हा त्यांनी बाईंचा हात धरायला हात पुढे केला. बाईंनी तो हळूच चुकवला. परक्या माणसाचा हात त्यांनी जन्मात कधी धरला नव्हता. हे नीळकंठरावांना फार लागलं, आणि बायकोचा अभिमानही वाटला. देवळाला वळसा घालून त्यांनी तिला पुन्हा आपल्याच फाटकाशी आणलं.

"आलं घर," ते म्हणाले.

बाईंनी फाटक बघितलं, तुळस बघितली, आणि त्यांचा चेहरा खुलला. लगबगीनं त्या पायऱ्या चढल्या. नीळकंठराव मागोमाग चढणार, तेवढ्यात त्या उंबऱ्यातून वळल्या आणि त्यांनी हात जोडले.

"लय उपकार झाले, भाऊ. आता तुमी जा. आमच्या ह्यांले परका मानूस घरात आलेला खपत नाही."

दार लागलं. आतून कडीही लागली. नीळकंठराव आपल्याच ओट्यावर उभे राहिले. आतून बाईंचा आवाज आला. कितीतरी महिन्यांनी तो असा मोकळा, घरधनिणीचा वाटला.

"अवो, आयकलं का? तो पॉलिशवाला भाऊ पोचवून गेला मले. लय भला मानूस. काई शिका जरा त्याच्यापासून."

आणि नीळकंठराव, संसारभराच्या सवयीनं, दाराबाहेरूनच म्हणाले, "हौ."