बारशापासून बाराव्यापर्यंत

माणसाला माणसाची काळजी वाटू लागण्यासाठी आधी एक मोठं युद्ध व्हावं लागतं, असा इतिहासाचा दाखला आहे. ब्रिटनने दुसरं महायुद्ध संपल्यावर कल्याणकारी राज्य उभारलं. अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या आमच्या मराठी मंडळानेही तेच केलं. फक्त आमचं युद्ध जास्त दिवस चाललं.

कारण तात्त्विक होतं. स्नेहसंमेलनात मुलांचं नाटक इंग्रजीत चालेल की नाही, यावरून मंडळ फुटलं. (मुलांना विचारलं असतं तर त्यांनी नाटकच नको म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही.) मराठीवाल्यांचे सेनापती मोरेश्वरकाका, निवृत्त इंजिनिअर. इंग्रजीवाल्यांचा संग्राम, पुण्याहून आलेला आयटीवाला. दोन गणपती बसले, दोन हळदीकुंकवं झाली. त्याच काळात गिरीशच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तो कुठल्याच गटात नसल्यामुळे त्याच्याकडे सकाळी एका गटाचा वरणभात आणि संध्याकाळी दुसऱ्याची खिचडी येऊ लागली. बाळंतिणींना डिंकाचे लाडू दुहेरी मिळाले. एकीच्या सासूबाईंना आणायला विमानतळावर दोन गाड्या गेल्या. (सासूबाई एकीत आल्या, बॅगा दुसरीत.)

मग दुर्दैवाने तह झाला. नाटकातली मुलं कॉलेजला गेली आणि भांडायला विषय उरला नाही. एकत्र आलेल्या मंडळाने पहिल्याच सभेत ठराव केला, की यापुढे सभासदांची बारशापासून बाराव्यापर्यंतची काळजी मंडळ घेईल. कल्याण समिती स्थापन झाली. तिच्या पोटात डबा, वाहन आणि सांत्वन अशा उपसमित्या. (सांत्वन उपसमिती लगेच भरली. तिथे स्वयंपाक करावा लागत नाही.) आपण होऊन कुणाच्या मदतीला जाण्याची गरजच संपली, हे या योजनेचं मोठंच यश.

फेब्रुवारीत सुनेत्राकाकू बर्फावरून घसरल्या. सत्तरीच्या, एकट्या, मुलगा देवांग दूर टेक्ससमध्ये, शुगर लँडला. उजवा हात प्लास्टरमध्ये. दोन दिवस कॉर्नफ्लेक्सवर काढून त्यांनी समितीला फोन केला. समितीची हिमानी अत्यंत आस्थेने बोलली.

"काकू, तुमची केस रजिस्टर केलीय. पण डबा आजारपणासाठी असतो ना, हा अ‍ॅक्सिडेंट आहे. कमिटी डिसाइड करेल."

"कमिटी कधी भेटते?"

"कोरम झाला की."

"तू राहतेस कुठे गं?"

"तुमच्या मागच्याच स्ट्रीटवर. पण मीच डबा आणून दिला, तर मग सिस्टीमला काय अर्थ राहिला?"

हा मुद्दा बिनतोड होता. काकूंनाही तो पटला. संध्याकाळी त्यांनी डाव्या हाताने लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायचा प्रयत्न केला. ते उघडेना, तेव्हा बरणी मांडीवर घेऊन त्या थोडा वेळ रडल्या. (ही बाब सांत्वन उपसमितीच्या कक्षेत येते; परंतु तिला कळवण्यात आलं नव्हतं.)

मग त्यांनी तोंड धुतलं आणि मोरेश्वरकाकांना फोन लावला.

"मोरेश्वरराव, त्या संग्रामला सांगा, रोज डबा नको पाठवूस. अवघडल्यासारखं होतं."

"संग्राम डबा पाठवतोय?"

"तो कुठे बोलून दाखवतो?"

पाठोपाठ संग्रामला.

"अरे, मोरेश्वररावांकडून डबा येतोय. तू त्रास घेऊ नकोस. तुमच्या पिढीला नाही जमत, असं ते म्हणतात खरं."

"काका असं म्हणाले?"

"मनावर नको घेऊस."

थोड्याच वेळात दोघेही दारात एकदम पोचले. एकाकडे आमटीभात, दुसऱ्याकडे मेथीची भाजी आणि घडीच्या पोळ्या. आधी कोण आलं यावर पायरीवर वाद जुंपला, तो झोपायच्या वेळेपर्यंत चालला. आत काकू दोन्ही डबे उघडून सावकाश, पोटभर जेवल्या. पडल्यापासून पहिल्यांदाच अन्न गरम होतं.

होळीच्या आत मंडळ पुन्हा फुटलं. कल्याण समिती बरखास्त झाली आणि कल्याण सुरू झालं. हिमानी दोन्ही गटांना समान अंतरावर ठेवून आहे. मध्यंतरी तिला ताप आला, तर घरात चार प्रकारचं सूप होतं.

आपल्याला हे पटणार नाही. भल्या माणसांना शेजारी डबा न्यायला वैर कशाला लागतं, असं आपण म्हणाल. बरोबर आहे. आपल्या शेजारी कोण एकटं राहतं, त्यांचं नाव तेवढं सांगा. मग पुढे बोलू.