नऊ किलोमीटर खडी

वाहन कितीही मोठं असलं, तरी त्याचा पृथ्वीशी संबंध चार तळहातांएवढ्या जागेपुरताच येतो. बाकी सगळी गाडी हवेत असते. ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, आणि माहीत नसल्यामुळे ते बेधडक गाडी काढतात आणि कुठे कुठे जाऊन पोचतात. विनायक दाभाडे यांना ती माहीत होती.

दाभाडे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव. चौदा वर्षं खरेदी विभागात काढली, आणि या चौदा वर्षांत त्यांच्या सहीनं एकही चुकीची वस्तू खरेदी झालेली नाही. (एकूणच वस्तू फारशा खरेदी झालेल्या नाहीत, असं काही मत्सरी लोक म्हणतात.) दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर ते, पत्नी अलका, कॉलेजात जाणारी मुलगी उत्तरा आणि अलकाचे वडील तात्याराव असे चौघं राहतात. खाली तळघरात, खांब क्रमांक सत्तेचाळीसजवळ, त्यांचा पिकअप ट्रक राहतो. पुढून मोटार, मागे टेम्पोसारखा उघडा हौदा. या हौद्यातून आजवर एक गादी, तुळशीच्या दोन कुंड्या आणि आझादपूर मंडईतली कोथिंबीर यांची सुखरूप वाहतूक झालेली आहे.

पिकअप घेण्यामागे कारण होतं, हे मुद्दाम नोंदवायला हवं, कारण दिल्लीत मोठ्या गाड्यांना सहसा ते नसतं. तात्याराव निवृत्त सुभेदार, वय एक्याऐंशी. फौजेत त्यांच्याबरोबर सोळा वर्षं एका तंबूत राहिलेला कुंदनसिंग गढवालात आपल्या गावी असतो. दर रविवारी दोघांचा फोन. गेल्या होळीला कुंदनसिंग म्हणाला, "यार सुभेदार, आँखें जवाब दे रही हैं. डॉक्टर कहता है, साल भर का समझो. एक बार शकल दिखा जा."

तात्याराव फोन ठेवून बराच वेळ चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता. अलकानं ते बघितलं, विनायकनी बघितलं, आणि महिन्याभरात पिकअप दारात आला. कारण त्या गावाच्या अलीकडच्या नऊ किलोमीटरांवर डांबर नव्हतं, नुसती खडी होती. विनायकच्या मनात सासऱ्यांबद्दल माया होती, यात शंकेला जागा नाही. त्या मायेला फक्त एक कार्यपद्धती होती.

"टायर बदलून घेऊ, की निघालोच," ते म्हणाले.

"अहो, पण आहेत ना चार टायर गाडीला?" अलकानं विचारलं.

"पाच. स्टेपनी धरून."

"मग?"

"अगं, ते कंपनीनं दिलेले आहेत."

कंपनीच्या पुस्तिकेत हे टायर खडीवरही चालतात असं छापलेलं होतं. पण पुस्तिका विकणाऱ्यानं लिहिलेली असल्यानं ती पुरावा म्हणून ग्राह्य धरता येईना. विनायकनी निळ्या कव्हरची फाइल उघडली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'विषय : सर्व प्रकारच्या भूभागांवर चालणाऱ्या टिकाऊ टायरांची निवड.' घाई करायचं कारण नव्हतं. डॉक्टरांनी वर्षाची मुदत दिली होती, आणि मुदत म्हणजे त्या तारखेपर्यंत काम न करण्याची लेखी परवानगी, हे सरकारात नवा आलेला कारकूनही सांगेल.

प्रथम भूभागांची पाहणी झाली. सर्व प्रकारचे भूभाग म्हणजे नेमके किती, हे ठरल्याशिवाय सर्व प्रकारच्या भूभागांचा टायर कसा घेणार? चार आठवड्यांच्या पाहणीत पुढील प्रकार आढळले : तळघराचा उतार, सोसायटीतले सहा गतिरोधक (पैकी दोन एकाच वादातून निर्माण झालेले), पावसाळ्यात अंडरपासखाली तयार होणारा तलाव, पाइपलाइनसाठी खणलेला रस्ता, पाइपलाइन टाकून झाल्यावर परत खणलेला रस्ता, सरोजिनी नगरच्या बाजाराबाहेरची केळीची सालं, लग्नाच्या वरातीनं सोडलेली झेंडूची ओली फुलं आणि खडी. एकूण आठ. यातले सात मेट्रो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. आठव्यासाठी दिल्लीच्या बाहेर जावं लागणार होतं, म्हणून त्याची पाहणी कागदावर करण्यात आली.

त्यानंतर निकष ठरले. एकेचाळीस. टायरच्या खाचा किती खोल, बाजूची भिंत किती जाड, चिखल आपोआप झटकला जातो का, डांबरावर गुणगुणतो का, गुणगुणला तर कोणत्या पट्टीत. टायर किमान ऐंशी हजार किलोमीटर टिकला पाहिजे, यावर विनायक ठाम होते. पिकअप अकरा महिन्यांत सहाशे किलोमीटर चालला, त्यातले चारशे टायर बघण्यासाठी. या गतीनं टायर एकशे बावीस वर्षं पुरणार होते. दिल्लीत डिझेलच्या गाडीमागे दहा वर्षांनी बंदीचा नियम लागतो, पण टिकाऊपणात तडजोड करून चालत नाही.

निकष क्रमांक सतरा सगळ्यांत महत्त्वाचा. प्रत्येक टायरवर चार आकडे असतात. तो कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात जन्मला, ते त्यावरून कळतं. शिळी पाव-भाजी आणि शिळं रबर, दोन्ही घरात आणायचं नाही, असा दाभाडे घराण्याचा नियम. म्हणून निर्णयाच्या दिवशी टायर बारा आठवड्यांपेक्षा जुना नसावा, असं ठरलं. दुकानांकडून दर मागवणं, तुलनात्मक तक्ता करणं आणि तक्त्यावर टिपण लिहिणं याला चौदा आठवडे लागत. त्यामुळे प्रत्येक वेळी उत्तम टायर निवडला जाई आणि निवडला गेला त्या दिवशी तो बाद होई. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा विनायकनी निर्णय निःपक्षपातीपणे फिरवला.

"हे असं कधीपर्यंत चालणार?" अलका म्हणाली.

"उत्पादन आणि निर्णय एका आठवड्यात गाठले पाहिजेत," विनायक म्हणाले. ते खरोखरच बेचैन होते. रात्रीच्या जेवणात त्यांनी भाजीत मीठ नाही, हेही सांगितलं नाही.

डिसेंबरात त्यांनी तज्ज्ञाचं मत घ्यायचं ठरवलं. करोल बागेत बग्गाजी नावाचे गृहस्थ चाळीस वर्षं टायर विकतात. विनायकना हिंदी उत्तम येते, म्हणजे फाइलीतली. झालेला संवाद त्यांनी जसाच्या तसा नोंदवला आणि संध्याकाळच्या चहाला सगळ्यांना वाचून दाखवला.

"तज्ज्ञांनी विचारलं, 'चलेगी कहाँ?' मी सांगितलं, 'ज़्यादा करके खडी पे.' तज्ज्ञ म्हणाले, 'खड़ी?' मी म्हटलं, 'हाँ जी, नौ किलोमीटर पूरी खडी.' यावर ते म्हणाले, 'साहब, खड़ी ही रहेगी तो कोई भी डाल लो. बस हफ़्ते में एक बार जगह से हिला देना, नहीं तो टायर एक तरफ़ से बैठ जाता है.'" विनायकनी पान उलटलं. "निष्कर्ष : खडीवर कोणताही टायर चालतो. मात्र टायरांची जागा दर आठवड्याला आपसांत बदलावी."

उत्तराच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. "बाबा! त्यांना वाटलं गाडी उभीच राहणार आहे. खड़ी म्हणजे पार्क केलेली, यार!"

"मग खडीला हिंदीत काय म्हणतात?"

"पण खडी म्हणजे काय असतं?" उत्तरानं प्रामाणिकपणे विचारलं. ती दिल्लीतच वाढलेली. रस्त्यावर पसरतात त्याला मराठीत वेगळा शब्द असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"बजरी, पोरी, बजरी," गॅलरीतून तात्याराव म्हणाले. ते आरामखुर्चीत हलून हलून हसत होते. "जावईबापू, हा बग्गा माझ्या पलटणीत असता, तर मी त्याच्या बढतीची शिफारस केली असती."

(पिकअपच्या वापराचं इतकं नेमकं वर्णन तोवर कुणीच केलेलं नव्हतं.) तरी तज्ज्ञाचं मत भाषिक गैरसमजावर आधारलेलं असल्यानं ते रद्द करण्यात आलं, आणि प्रक्रिया पहिल्यापासून सुरू झाली.

जानेवारीत रविवारचे फोन बदलले. तात्याराव उत्तराकडून व्हिडिओचा फोन लावून घेत. पूर्वी त्यात कुंदनसिंगचं तोंड दिसे, पाठीमागे म्हैस दिसे. (तात्याराव फोन असा धरत, की पलीकडे कायम त्यांचं नुसतं टक्कल जाई.) आता कुंदनसिंग फोन उचलून सरळ कानाला लावायला लागला. पडदा भरून नुसता एक मोठा, केसाळ कान. "स्क्रीन पे तो अब बस उजाला दिखता है," कान म्हणाला. तात्याराव त्या कानाकडे बघत सगळी ख्यालीखुशाली सांगत राहिले. स्वयंपाकघरातून अलकानं ते तीन रविवार बघितलं. चौथ्या रविवारी तिनं पदराला हात पुसले आणि फोन आपल्या हातात घेतला.

"चाचाजी, आपके गाँव तक कोई गाड़ी आती है?"

"रोज़ आती है बेटी. ग्यारह बजे वाली बस. छब्बीस साल से आ रही है."

अलका विनायककडे वळली. ते डायनिंग टेबलावर तुलनात्मक तक्ता क्रमांक तीन आखत होते.

"अहो, या आठवड्यात निघायचं का?"

"अगं, आता फक्त आठवड्याचाच प्रश्न राहिलाय. सहा निकषांवर एकमत—"

"कुणाचं एकमत? तुम्ही एकटेच तर आहात."

"तेच अवघड असतं," विनायक म्हणाले, आणि ते खरं होतं.

बुधवारी सकाळी अलका आणि तात्याराव मेट्रोनं निघाले. बरोबर एक पिशवी, एक थर्मास आणि कुंदनसिंगसाठी अलकानं केलेले बेसनाचे लाडू. विनायकनी रजा मागितली नाही, बैठक होती. त्यांनी तात्यारावांच्या पायांत स्वतः मोजे चढवले आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत उभे राहिले. पुढे बसनं जाऊन ऋषिकेशला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी दुसरी बस, मग अकरा वाजताची ती बस. चढायच्या आधी अलकानं वाकून टायर बघितले. एवढ्या महिन्यांत तिला ती सवय लागली होती. टायरांवर खाच म्हणून उरली नव्हती, तात्यारावांच्या टकलासारखे तुकतुकीत.

"भैया, टायर कौन से हैं?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"काले हैं जी. बैठिए."

नऊ किलोमीटर खडीला पस्तीस मिनिटं लागली. बसमध्ये सोळा माणसं, दोन गॅस सिलिंडर आणि एक बकरी होती. बकरी सोडून सगळे झोपले होते.

थांब्यावर कुंदनसिंग इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. त्याचं तोंड बसच्या मागच्या चाकाकडे होतं. माणसं उतरत होती पुढून. तात्याराव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, टाचा जुळवून. काही बोलले नाहीत. बोलले असते तर सोपं झालं असतं, पण ते शकल दाखवायला आले होते. दोन मिनिटं गेली असतील. मग खाकरले. कुंदनसिंगनं हात पुढे केला, नाक चाचपलं, गाल चाचपला, ओठावर बोटं थांबवली.

"मूँछें कहाँ गईं?"

"मुँडवा दीं. पंद्रह साल हो गए."

"बता तो देता," कुंदनसिंग म्हणाला. "मैं मूँछोंवाले को याद किए बैठा था."

डॉक्टरांचा अंदाज सात आठवड्यांनी चुकला होता; नजर वर्षाच्या आधीच गेली होती. निकष क्रमांक सतराच्या हिशोबानं सात आठवडे म्हणजे अगदी ताजा माल. अलका पिशवीतले लाडू शोधत राहिली, ते हाताला लागले होते तरी.

तिनं घरी फोन केला. विनायकनी पहिल्या घंटीला उचलला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : "दिसलं का गं त्यांना?" हे त्यांच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. अलका "नाही" म्हणाली. पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला. तो पंख्याचा आहे, असं विनायकनी सांगितलं, आणि फेब्रुवारीत त्यांच्या घरात पंखा कुणी लावत नाही.

ही हकीकत सोसायटीत पसरली. सोसायटीत पिकअपवाले अकरा आहेत, त्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे, आणि सगळी भली माणसं आहेत. अकराही जणांनी विनायकना गाठून आस्थेनं चौकशी केली. प्रश्न शब्दाशब्दाला सारखा होता : "वो सब तो ठीक है दाभाडेजी, पर आख़िर टायर कौन सा फ़ाइनल किया?"

वाचकांचाही एवढ्यात तोच खोळंबा झाला असणार. म्हातारा पोचला, चेहऱ्यावरून हात फिरवून झाला, चांगलं झालं. पण टायरचं नाव राहिलं ते राहिलंच, आणि इतकं वाचून हाती काय आलं? तरी निराश होण्याचं कारण नाही. फाइल अजून उघडी आहे आणि सूचनांचं स्वागत आहे. सूचना पाठवताना आपलं नाव, वाहनाचा क्रमांक आणि टायरचा आकार स्वच्छ अक्षरात लिहावा. आपली कुठे कोण वाट बघतंय, ते लिहू नये. अर्जात तसा रकाना नाही.