लॉरीच्या पाट्यांवरून माहेरी

शामकांत वकिलांनी मोटारीखालून डोकं बाहेर काढलं, तेव्हा त्यांच्या कपाळाला काळ्या ग्रीसचं आडवं गंध लागलं होतं आणि चेहऱ्यावर खटला जिंकल्याचं समाधान होतं. अख्ख्या शेवगावात खटला जिंकण्याचा योग त्यांना क्वचितच येई, त्यामुळे त्यांची बायको नीलांबरी दोन पावलं मागे सरकली.

तिला उद्या, दसऱ्याला, सोनईला माहेरी जायचं होतं. लग्न झाल्यापासून माहेरी एक रात्रही राहणं तिच्या नशिबी नव्हतं. सकाळी जायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि दिवेलागणीला परत सासूबाईंच्या चुलीपुढे हजर! यंदा तेवढंही हुकणार होतं, कारण मोटारीचे मागचे स्प्रिंगचे पाटे मोडले होते. महायुद्ध संपलं तरी सुटे भाग औषधालाही मिळत नव्हते. शेवटी वकीलसाहेब नगरला लष्करी सामानाच्या लिलावातून पाटे घेऊन आले.

"अहो, हे मोटारीचेच आहेत ना?"

"लॉरीचे आहेत. पहिले का मोडले? कमजोर होते म्हणून! हे बघ, नातवंडांपर्यंत टिकतील."

लोहाराकडून भोकं जुळवून घेतली होती. पाटे बसले. वकिलांनी जॅक काढला, पण मोटार काही खाली आली नाही. गाय उठताना आधी मागचे पाय ताठ करते, तशी ती शेपटाकडून वर उभी राहिली. फाटकापर्यंत चालवून पाहिली, तर तिने अशा उड्या घेतल्या की वकिलांची टोपी शेजारच्या पत्र्यावर गेली आणि जीभ दाताखाली आली.

"निम्मे पाटे काढून टाकतो, आत्ता!" वकील बोबडं बोलले. "माझे पाने कुठे गेले?"

पाने देवघरात होते. हळदकुंकू लावलेले, वर झेंडूची फुलं. मातोश्री मनकर्णाबाई उदबत्ती ओवाळत होत्या.

"आज खंडेनवमी. हत्यारं पूजेला लागली. उद्या सोनं लुटून होईपर्यंत हात लावायचा नाही."

"आई, अगं पाने म्हणजे काय शस्त्रं आहेत?"

"तुझ्या हातात आले की असतात."

वकील रिकाम्या हातांनी मोटारीपाशी परतले. तेवढ्यात गंमत बघायला आलेला शेजारचा गहिनीनाथ मोटारीला रेलला. गडी अंगाने म्हसोबासारखा. मोटार चांगली चार बोटं खाली बसली.

"वजन!" वकील ओरडले. "हिला वजन हवंय!"

"मग ज्वारीची पोती टाका की," गहिनीनाथ म्हणाला.

"धान्य तालुक्याबाहेर न्यायला बंदी आहे. वकिलालाच आत टाकतील."

"मग दगड टाका."

"लोक दसऱ्याला सोनं नेतात," नीलांबरी रडकुंडीला आली, "आणि मी माहेरी दगड नेऊ?"

राहता राहिली माणसं. गहिनीनाथाची बहीण सोनईलाच दिलेली, तो एका पायावर तयार झाला. पलीकडच्या बनुबाईची लेकही तिथलीच. "बसते की, पन मोटारीत मला मळमळतंय, आदीच सांगते," असं बजावून तीही आली. तरी थोडी उसळी राहतच होती. सगळ्यांच्या नजरा हळूहळू मनकर्णाबाईंकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय मेल्यांनो?" त्या म्हणाल्या आणि शाल आणायला आत गेल्या.

दसऱ्याला मोटार पाळण्यासारखी सोनईला पोचली. गहिनीनाथ बहिणीकडे गेला, बनुबाई लेकीकडे, आणि मोटार पुन्हा शेपटाकडून वर झाली. संध्याकाळी वकील बोलवायला गेले, तर कुणीच परत यायला तयार होईना. "बहीन सोडत न्हाई. लई दिसांनी आलोय," गहिनीनाथ म्हणाला.

"राहावं लागणार," वकील हताशपणे म्हणाले. नीलांबरीने स्वयंपाकघरात जाऊन आईबरोबर फुगडी घातली!

सकाळी आईनेच तिला हलवलं. "नीले, ऊठ. तुझ्या सासूबाईंचा चहा व्हायचाय. त्यांना कसा लागतो ते तुलाच ठाऊक." मग आंघोळीचं पाणी, मऊ भात, गुडघ्यांना तेल. शेवगावात करायची ते सगळं नीलांबरी माहेरी करू लागली. फरक एवढाच, की तिथे एक बाई चुका काढायची, इथे दोघी. मनकर्णाबाई झोपाळ्यावर बसून विहीणबाईंच्या हातचा चिवडा खात होत्या, हसत होत्या.

दोन दिवसांनी नीलांबरीने सासूबाईंना विचारायचा धीर केला. "आई, घरी कधी निघायचं?"

मनकर्णाबाईंनी झोपाळा थांबवला. "माझे आईवडील गेले आणि माझं माहेर मिटलं ग. इतक्या वर्षांत 'आज आमच्याकडेच राहा' असं कुणी म्हटलं नव्हतं. तुझी आई म्हणाली. राहू दे की चार दिवस."

नीलांबरीला गलबलून आलं. तिने सासूबाईंच्या ताटलीत आणखी एक लाडू ठेवला, डोळे पुसले आणि मागच्या दाराने तडक गहिनीनाथाच्या बहिणीचं घर गाठलं.

"गहिनीनाथभाऊ, हात जोडते, शेवगावला कधी निघता? तुम्हाला पुढच्या सीटवर बसवते."

गहिनीनाथाने तोंडातला घास सावकाश गिळला.

"वैनी, बहीन म्हनती, आता दिवाळी करूनच जा."