टँकरच्या तालुक्यात बुडालेलं झाड

साहेब, झाड तुम्ही मारलंत. हत्यार म्हणून आख्खं ऑफिस वापरलंत, आणि नोटीस कुणाला? तर अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर फरशी पुसणाऱ्या नंदाला!

झाड साधंसुधं नव्हतं. मॉन्स्टेरा. सुपाएवढी पानं, तीही कुणी कात्रीनं चिरल्यासारखी. जिल्ह्याच्या बड्या साहेबांनी उमरग्याच्या या ऑफिसला भेट दिलं आणि जाता जाता बोलून गेले, "पुढच्या खेपेला येईन तेव्हा झाड डौलात दिसलं पाहिजे." झालं! साहेबांची बढती त्या वेलाला टांगली गेली. त्यांनी नंदाला बोलावून सांगितलं, "नंदाबाई, तुमची पुढची ऑर्डर माझ्या टेबलावर आहे. झाड जगलं तर सही. कळलं?"

झाड आलं होतं प्लास्टिकच्या कुंडीत. साहेबांना ते बघवेना. चिनी मातीची पांढरीशुभ्र कुंडी आली. तिच्या बुडाला भोक होतं. त्यातनं पाणी गळून नव्या फरशीवर डाग पडेल म्हणून साहेबांनी ते सिमेंटनं बुजवून घेतलं. माती आणली हेडक्लार्क आण्णासाहेबांनी, तेर गावच्या स्वतःच्या रानातली, काळी कुळकुळीत.

नंदाच्या बापाचं सास्तूरला रान. मातीत हात घालूनच ती वाढलेली. "आण्णासाहेब, ही माती भिजली की लोण्यावानी बसती. मुळ्या गुदमरत्याल. थोडा मुरूम कालवू की."

आण्णासाहेबांचं नाक फुगलं. "ह्या मातीला बघून लोकं जळत्यात, अन् तू तिच्यात मुरूम कालवतीस? उद्या दुधात राख कालव!"

"आन् भोक?"

"ते साहेबांना विचार."

तिनं विचारलं. साहेबांनी फाइलीतनं मान वर न काढता सांगितलं, "फरशी बघा, फरशी."

आठव्या दिवशी एक पान पिवळं पडलं. आपल्याकडं पिवळ्या पानाचा अर्थ एकच, तहान. टँकरमागं घागरी घेऊन पळालेली माणसं ही. झाड पाण्यानंही मरतं, असं त्यांना सांगणं म्हणजे माणूस जेवून मरतो असं सांगण्यासारखं. त्यात पाणी फेकणं म्हणजे पाप. मग ग्लासात उरलेला घोट कुंडीत, बाटलीतलं बूड कुंडीत, बीपीची गोळी गिळून राहिलेलं पाणीही कुंडीतच.

"ओतू नगा वो, मुळ्या कुजत्यात," नंदा एकेकाच्या मागं पळायची.

"पुण्य करू दे की गं!" असं तिलाच ऐकावं लागायचं.

अशात एक दिवस महालिंगप्पा आला. सीमेपलीकडचा डाळीचा व्यापारी. त्याची फाइल तीन महिने निजलेली. साहेब केबिनच्या काचेतनं बघतायत हे हेरून त्यानं कुंडीत तांब्याभर पाणी घातलं आणि झाडाला हात जोडले. साहेब खूश! संध्याकाळी फाइल जागी झाली आणि सही घेऊन चालायलाही लागली.

दुसऱ्या दिवसापासून तालुकाभर बोभाटा: कागद मागनं, आधी पाणी. अर्जदार बाटल्या घेऊन रांगेत. ज्यांच्या घरी आठ दिवसांतनं एकदा नळ येतो, ती माणसं साहेबांच्या झाडाला विकतचं पाणी पाजत होती. आणि साहेब? साहेब काचेआडून मान डोलवत होते.

महिना-दीड महिन्यात ऑफिसात घाण वास सुटला. "उंदीर मेलाय," साहेबांनी निकाल दिला. कपाटं ओढली, गठ्ठे उपसले. उंदीर सापडले, पण जिवंत, धष्टपुष्ट. नंदानं कुंडीकडं बोट दाखवलं. कुणी बघितलंसुद्धा नाही. झाड एका अंगाला कललं तेव्हा मात्र साहेब स्वतः धावले. फोटो काढायला लावला, त्यात झाड सरळ दिसावं म्हणून खोडाला हात लावला. खोड हातात आलं, कुंडी आडवी झाली आणि काळा रबडा साहेबांच्या पॅन्टवर.

तासाभरात नोटीस निघाली. "आपण वेळेवर पाणी न दिल्यामुळे कार्यालयीन वृक्ष सुकून मृत झाला. तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा."

पाणी न दिल्यामुळे! फरशीवरचा चिखल अजून वाळला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, बडे साहेब निघालेत. साहेबांचं तोंड त्या पिवळ्या पानासारखं झालं. तेवढ्यात नंदा आत आली. कडेवर तेलाचा पत्र्याचा डबा, बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं, आत मुरूम आणि शेणखत, आणि त्यात ताठ उभा मॉन्स्टेरा, दोन कोवळी नवी पानं काढलेला. भोक बुजवलं त्याच दिवशी तिनं एक फांदी गाठीखाली छाटून घरी नेली होती. आपल्या साहेबांना ती ओळखून होती.

साहेब खुर्चीतनं उठलेच. "वा, नंदाबाई! आणा, आणा! लगेच आपल्या पांढऱ्या कुंडीत लावा. आण्णासाहेब, माती मागवा!"

आण्णासाहेब निघालेसुद्धा.

नंदानं डबा छातीशी घट्ट धरला. मोकळ्या हातानं तिनं ती नोटीस साहेबांपुढं ठेवली आणि टेबलावर पडून असलेली आपली बिनसहीची ऑर्डर शेजारी सरकवली. बाहेर गाडीचं दार वाजलं.

"डबा ठिवते की, साहेब. पर नोटिशीत खुलासा मागितलाय न्हवं? त्यो तुमीच लिहा. कुंडीचं भोक बुजवा म्हणून सांगितलं कुणी? तुमच्यावानी तीन दिस मी न्हाय देत, बडे साहेब पायरीवर हायती. लिहिता आन् सही करता, का नेऊ डबा घराकडं? बोला!"